न आलेला फोन

विटं मागं पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव सुरू झाले, तशी जयराजनं गाडीची काच वर करून घेतली आणि मान मोबाईलमध्ये घातली. मोबाईलमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. बाहेर बघवत नव्हतं, एवढंच.

सकाळी साताऱ्यात पक्षाचा मेळावा झाला होता. तिथं तुताऱ्या वाजल्या, क्रेननं भलामोठा हार घातला आणि यानंही पाऊण तास भाषण ठोकलं. तिथं काही वाटलं नाही. त्या मैदानात बसलेल्यांना परदेशाशी झालेल्या व्यापार कराराचं घेणं ना देणं. पण आता गाडी तासगावकडं, त्याच्या स्वतःच्या गावाला चालली होती, आणि अर्थशास्त्राचा डॉक्टर, केंद्रातला राज्यमंत्री असलेला हा अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या छडी खायला निघालेल्या पोरासारखा आकसून बसला होता.

"साहेब, जरा बाहेर बघा की!" पुढच्या सीटवरून त्याचा स्वीय सहायक धैर्यशील म्हणाला. "काय फलक लावलाय गावानं!"

फाट्यावर दोन बांबूंमध्ये ताणून बांधलेला फलक होता. एका बाजूला जयराजचा हसरा फोटो, दुसऱ्या बाजूला पिवळ्याधमक बेदाण्याचा ढीग, आणि मध्ये वीतभर अक्षरं: 'बेदाण्याचा राखणदार डॉ. जयराज भाऊसो यांचा जाहीर सत्कार. सायंकाळी पाच वाजता, सोसायटीसमोर.'

"पक्षाला कुणी विचारलंसुद्धा नाही, साहेब. गावानं आपणहून केलंय. असलं प्रेम नशिबात असावं लागतं."

"गप बस जरा, धैर्यशील."

धैर्यशीलनं मान पुढं वळवली. त्या बिचाऱ्याला तरी काय ठाऊक! राखणदार बेदाणा राखून नव्हे, देऊन आला होता. बाहेरच्या बेदाण्यावर आपल्या सरकारचं शंभर टक्के आयात शुल्क होतं, म्हणजे तिकडचा शंभराचा माल इथं उतरेपर्यंत दोनशेचा व्हायचा, आणि त्या आडोशाला इथला बेदाणा तग धरून होता. त्या शंभरातले सत्तर जयराजनं सोडले होते. पाच वर्षांत, टप्प्याटप्प्यानं. करार हजार पानांचा, आणि हे कुठं तर पार शेवटाकडच्या एका परिशिष्टात. पुढच्या सोमवारी तो संसदेत मांडला जाणार होता. तोवर पेपरात फक्त 'दूध आणि गहू सुरक्षित' एवढंच आलं होतं, आणि वाचणाऱ्यांनी त्यात आपापलं पीक घालून घेतलं होतं.

आता हा माणूस असा काही पैदाइशी लबाड नव्हता. त्याचा बाप तर मुळीच नव्हता.

बाप भाऊसो म्हणजे बैलबाजारातला दलाल. खरसुंडीच्या जत्रेत खिलारी खोंडांचे सौदे तुटायचे, म्हणजे पक्के व्हायचे, त्यातले निम्मे भाऊसोच्या हातून. हातून म्हणजे खरोखरच हातून. गिऱ्हाईक आणि दलाल एकमेकांचा हात हातात घेणार, वर टॉवेल टाकणार, आणि आत बोटं दाबून भाव ठरणार. तोंडानं चकार शब्द नाही. टॉवेलाखालचं टॉवेलाखाली राहायचं, ते बायकोलाही सांगायचं नाही. आणि भाव कितीही चांगला आला तरी भाऊसो तिथल्या तिथं सौदा तोडायचा नाही. तो उठायचा, जनावराच्या मालकाकडं जायचा, त्याच टॉवेलाखाली मालकाचा हात धरायचा आणि आलेला भाव त्याच्या बोटांवर दाबून विचारायचा. मालकानं मान हलवली तर हलवली. नाहीतर राम राम.

एकदा एका खोंडाला असा भाव आला, की बाजारात तसला कुणी ऐकला नव्हता. मालक गेला होता पाहुण्यांकडं जेवायला. भाऊसो दोन तास दाव्यापाशी उन्हात उभा राहिला. तोवर गिऱ्हाईक कंटाळून दुसरा खोंड घेऊन गेलं. दहा वर्षांचा जयराज रडकुंडीला आला. "आप्पा, देऊन टाकायचा की! एवढा भाव पुन्हा येणार हाय का?"

भाऊसो म्हणाला, "जनावर माझं हाय का? मी नुसता हात हाय, पोरा. हातानं मालकाला इचारायचं असतंय."

हा किस्सा जयराजनं पुढं जन्मभर वापरला. सांगलीत कॉलेज केलं, पुण्यात एम. ए., मग परदेशात डॉक्टरेट, मग तिथंच प्राध्यापक. आणि वर्गात दरवर्षी तो हा किस्सा सांगायचा. निर्णयाला उशीर झाला की बाजाराचं नुकसान कसं होतं, त्याचं उदाहरण म्हणून! पोरं खो खो हसायची. हाही हसायचा. पुढं टीव्हीवर बोलायला लागला, पक्षाच्या नजरेत भरला, खासदार झाला, मंत्री झाला, आणि वाटाघाटी करायला सगळ्यांत तरबेज माणूस म्हणून सरकारनं त्याला परदेशी धाडलं. बापाला हसून मोठा झालेला माणूस बापाच्याच धंद्याला लागला.

जायच्या आधी दिवाळीला तो गावी आला होता. थोरला भाऊ हृदयविकारानं गेल्यापासून चार एकर बाग आणि बेदाण्याचं शेड अंजनावैनीच बघत होत्या. ताटात चिवडा वाढता वाढता त्यांनी विचारलं होतं, "भाऊजी, त्या करारात बेदाण्याचं काय वो हुनार? पेपरात काय बी येतंय."

"वैनी, बेदाण्याला हात लागणार असला तर आधी तुम्हाला फोन करीन," जयराज म्हणाला होता. आणि वर हसून, "भाऊसोचा पोरगा हाय मी. मालकाला इचारल्याबिगर सौदा तोडत न्हाई."

शब्द तोंडातून गेले आणि चिवड्याबरोबर तो ते विसरूनही गेला. वैनी विसरल्या नव्हत्या.

गाडी घरापुढं थांबली. वैनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. साठी ओलांडलेली बाई, पण पोरीसारखी लगबग चाललेली. जेवायला वाढलं, भरल्या वांग्याची वाटी दोनदा भरली. जयराजनं ठरवलंच होतं, सत्काराच्या आधी वैनींना एकटं गाठायचं आणि सांगून टाकायचं. तो पाणी प्यायला आणि ताट बाजूला सारलं.

"वैनी, मला तुमच्याशी जरा..."

"आधी माझं ऐका," वैनी म्हणाल्या आणि कमरेच्या पिशवीतून त्यांनी मोबाईल काढला. जुना, कोपऱ्यात फुटलेला, रबर लावलेला. "तुमी तिकडं अकरा दिस हुता. अकरा दिस ह्यो मी अंगावेगळा केला न्हाई. बागंत जाताना संगं, शेडात संगं. आंघुळीला जाताना साक्षीच्या हातात देऊन जायाची. म्हनायची, चुलत आज्याचा फोन आला तर तशीच हाक मार, मी वल्ल्या अंगानं यीन."

साक्षी म्हणजे त्यांची नात. ती दारात उभी राहून फिदीफिदी हसत होती.

"रोज कुनी ना कुनी यायाचं. अंजनाकाकू, आला का फोन? मी म्हनायची, न्हाई. बाराव्या दिशी टीव्हीवर दाखवलं, सह्या झाल्या. तवा मी समद्यास्नी सांगितलं, आवं, फोन आला न्हाई म्हंजी बेदाना वाचला! भाऊजींनी मला शबूद दिलाय." वैनींचे डोळे भरून आले. "मग सोसायटीत बैठक झाली आन सत्कार ठरला. मी बी शेडाचं दोन खण वाढवाया काढलंत. या, दावते."

बोला आता! फोन आला नाही म्हणून गाव खूश. जगात कुठल्याही अर्थतज्ज्ञानं न आलेल्या फोनचा असा हिशेब मांडला नसता. पण ह्या गावात दिलेला शब्द अजून चालत होता. भाऊसोच्या घरात तर चालत होताच होता.

जयराज त्यांच्या मागोमाग शेडात गेला. जाळ्यांच्या दहा-दहा थरांवर द्राक्षं वाळत पडली होती. खालच्या थरांतली अजून हिरवी, वरच्या थरांतली पिवळी पडून सुरकुतलेली. पलीकडं नव्या खणांसाठी लोखंडी खांब उभे केलेले, बुडातलं सिमेंट अजून ओलं. वैनींनी मूठभर बेदाणा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं दोन दाणे तोंडात टाकले. उरलेले जाळीवर परत ठेवले.

"कसं तरी व्हतंय का तुमास्नी?"

"ऊन लागलं, वैनी," तो म्हणाला. आणि सांगायचं राहिलं.

मनातल्या मनात तो पुन्हा त्या परदेशी हॉटेलातल्या लांबलचक टेबलापाशी जाऊन बसला. शेवटच्या दिवसाची दुपार होती. तिकडची प्रमुख बाई फार कसलेली. आपल्याकडच्या औषधांना आणि संगणकवाल्यांना दार उघडायला ती तयार होती, पण बदल्यात दोन फळांपैकी एक मागत होती: सफरचंद नाहीतर बेदाणा. जयराजकडं देण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. शेजारचा अधिकारी कानात कुजबुजला, "सफरचंद सोडलं तर दोन राज्यं पेटतील, साहेब. बेदाणा म्हणजे काय, पाच-सात तालुके."

पाच-सात तालुके. त्यातला एक आपला. आणि जयराजच्या डोक्यात काय आलं असेल? पहाडातले लोक परके, ते आपल्याला सोडायचे नाहीत. हे आपले आहेत, घरचे आहेत, हे रुसतील पण समजून घेतील. परक्याला भ्याला आणि घरच्यांच्या मायेवर उधळपट्टी करून आला, दुसरं काय! त्यानं खिशातून फोन काढला होता. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. नावांच्या यादीत 'अंजनावैनी' दिसलं. नुसतं बोट टेकवायचं होतं. त्यानं फोन खिशात परत घातला आणि टेबलावरून हात पुढं केला. त्या बाईनं हातात हात दिला. वर टॉवेल नव्हता, एवढाच फरक.

पाच वाजले. सोसायटीसमोर मांडव भरला होता. बायका पुढं सतरंजीवर, बाप्ये मागं खुर्च्यांवर, तरणी पोरं ट्रॅक्टरांवर चढून बसलेली. स्टेजवर जयराजच्या शेजारी गुंडातात्यांना बसवलं होतं. तात्या म्हणजे भाऊसोचा बाजारातला जोडीदार, दोघांनी चाळीस वर्षं एका टॉवेलाखाली हात घातलेले. आता पंच्याऐंशीच्या घरात, डोळ्यांनी अधू, पण बोटं अजून सांडशीसारखी. दलाली सुटल्यावर त्यांनीही दोन एकर बाग लावली होती.

"भाऊसोचा पोरगा का रं ह्यो?" तात्यांनी चाचपून त्याचा हात धरला आणि खांद्यावरचा टॉवेल त्यावर टाकला. पुढं बसलेली म्हातारी माणसं हसली. "सांग की गड्या, लय मोठा सौदा करून आलास. कुनाला कळतंय? दुधाचं काय दिलंस?"

जयराजनं मूठ मिटली. काही नाही.

"गव्हाचं?"

पुन्हा मूठ.

"भले! आन बेदान्याचं?" तात्या आधीच हसायला लागले होते. ते मिटलेल्या मुठीचीच वाट बघत होते.

जयराजची मूठ मिटेना. लहानपणी तात्यांच्या ह्याच हातानं त्याला बोटांची भाषा शिकवली होती, आणि ह्या हातापाशी खोटं बोलणं त्याला जमेना. त्यानं तात्यांची पाचही बोटं धरली, दाबली, सोडली, आणि मग दोन बोटं धरली. पाच आणि दोन, सात. शंभरातले सत्तर.

तात्यांचं हसू तोंडावरच वाळलं. त्यांनी पुन्हा बोटं चाचपली, जणू आपलीच चूक झाली असेल. जयराजनं पुन्हा तेवढीच दाबली. वर टॉवेल होता, माईकवर कुणीतरी स्वागताचं बोलत होतं, आणि जयराजला दोन महिन्यांत पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. सांगितलं एकदाचं!

"अंजनीला इचारलंस?" तात्या अगदी हळू म्हणाले.

"न्हाई, तात्या."

तात्यांनी हात काढून घेतला. "मग मला कशापायी सांगितलंस रं? टॉवेलाखालचं मी कुनाला बोलनार न्हाई, हे तुला ठावं हाय. तू तुजं वझं उतारलंस आन माजं त्वांड शिवलंस. आता मी हितं बसून टाळ्या वाजवू व्हय?"

जयराजचे कान तापले. खरंच की. कबुली द्यायलाही ह्यानं अशीच जागा शोधली होती, जिथून शब्द बाहेर जाणार नाही! पंच्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या रीतीआड लपायला निघाला होता. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं त्याला, पण धरणी असल्यांना सहजासहजी घेत नाही.

"आता सत्कारमूर्तींना फेटा देऊन सन्मान करण्यासाठी," माईकवरचा गडी ओरडला, "अंजनाकाकू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वैनी हातात केशरी फेट्याची घडी घेऊन वर आल्या. कुणीतरी माईक त्यांच्या तोंडापुढं धरला.

"मला भाषान येत न्हाई," वैनी म्हणाल्या. "येकच सांगते. आमच्या मामंजींनी मालकाला इचारल्याबिगर कवा खोंड सोडला न्हाई. आन भाऊजींनी मला इचारल्याबिगर बेदाना सोडला न्हाई. अकरा दिस फोन घेऊन बसले हुते मी. फोन आला न्हाई!"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तात्यांचे हात मांडीवर तसेच होते. वैनी फेटा उलगडत जयराजकडं वळल्या, तसा तो उठला.

"थांबा, वैनी. फेटा नको." तो माईकपाशी गेला.  "बेदाणा मी राखलेला नाही. मी तो सोडून आलोय. शंभर टक्के शुल्क होतं, पाच वर्षांत ते तीसवर येणार. सोमवारी ते जाहीर होईल. म्हटलं, आधी माझ्या तोंडून तुम्हाला कळावं."  "ही चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाची नाही."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी कुंपनानंच शेत खाल्लं की!" ट्रॅक्टरावरची पोरं खाली उतरली. कुणी शिवी हासडली.

"गप ऱ्हावा!" गुंडातात्या बसल्या जागेवरून गरजले. "त्यानं टॉवेल काढलाय. बोलू दे त्याला."

"देशाचा एकूण विचार केला तर..." जयराज म्हणाला. आकडे त्याला पाठ होते, औषधांचे, नोकऱ्यांचे, आणि ते खोटे नव्हते. पण पुढच्या सतरंजीवरच्या बायका त्याच्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या हातांना बेदाणा निवडून निवडून घट्टे पडले होते. त्यानं ते वाक्य तसंच सोडलं.

वैनी अर्धा उलगडलेला फेटा घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्या दोन पावलं पुढं आल्या आणि हळूच बोलल्या, पण माईक तिथंच होता, त्यामुळं सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"भाऊजी, तिकडं रेंज नसंल न्हाई? त्येच्यामुळं लागला नसंल फोन."

बाई त्याला वाट करून देत होती! भर सभेत, एवढं झाल्यावरही, दिराची लाज राखायला बघत होती. जयराजला नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. गावानंही बहुधा मानलं असतं. परदेशातल्या रेंजचं कुणाला काय ठाऊक!

"रेंज होती, वैनी," तो म्हणाला.

"मग?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

वैनींनी मान हलवली. 

"व्हय की," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हनायलाच तर मी त्यो जवळ ठिवला हुता."

आणि हातातल्या फेट्याची पुन्हा पहिल्यासारखी घडी घालत त्या स्टेजच्या पायऱ्या उतरून गेल्या.